परक्या गावी मैत्रीण
(लेस्टरमधल्या आणि आसपासच्या लेकुरवाळ्यांचा थोडा इतिहास)



लग्न होऊन किंवा नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशात आलेल्या आणि लहान मुलांसाठी घरी राहिलेल्या बायकांशी बोलताना एक वाक्य फार वेळा कानावर येतं. ‘माझा स्वभावच तसा नाही हो, मला मैत्रिणी जोडता येत नाहीत.’ हे म्हणणारी बाई माहेरी कशी होती ते विचारावं. कॉलेजात गॅदरिंगला पुढे, मावसबहिणींच्या लग्नात रुखवत मांडायला पुढे, गल्लीत सगळ्यांची लाडकी. तीच इथे आल्यावर दोन-तीन वर्षांत स्वतःला मुखदुर्बळ समजायला लागते. स्वभाव काही विमानात बदलत नाही. मग बदलतं काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी इथला जुना इतिहास वाचत गेले. मी राहते त्या लेस्टर शहराचा आणि एकूण ब्रिटनचा. राजेराण्यांचा नव्हे, लहान मूल कडेवर घेऊन खिडकीत उभ्या राहिलेल्या बायकांचा. तो आज तुम्हाला सांगते.

सुरुवात मात्र आपल्या घरातूनच करायला हवी. माझी आजी बेळगावकडची. लग्न होऊन सांगलीजवळच्या आमच्या गावी आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. घरात कानडी बोलणारी मुलगी, सासरी सगळा मराठी कारभार. अंतर किती, तर बैलगाडीचा दोन दिवसांचा प्रवास. तरी तिच्यासाठी तो परदेशच. आजीला कुणी सांगितलं नाही की, ‘बाई, तू जरा लोकांत मिसळ, मैत्रिणी कर.’ सांगायची गरजच नव्हती. पहाटे जात्यावर समोर दुसरी बाई बसायचीच. पाणवठ्यावर रोज त्याच वेळी त्याच बायका भेटायच्या. सकाळी बस्तीत दर्शनाला, पर्युषणात दहा दिवस एकत्र, संक्रांतीला हळदीकुंकू. भाषा येत नव्हती तेव्हाही घागर उचलायला हात पुढे यायचा. वर्षभरात भाषा आली, आणि भाषेच्या आधी मैत्रिणी आल्या.

मला वाटतं, आपण ज्याला आजीचा ‘मनमिळाऊ स्वभाव’ म्हणतो, त्यातला निम्मा वाटा पाणवठ्याचा होता. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, हाताला काहीतरी काम आणि पुन्हा पुन्हा तेच चेहरे. हे चार असले की बुजरी बाईसुद्धा बोलायला लागते. हे चार काढून घेतले की बोलकी बाईही गप्प होते. घराघरात नळ आला हे फार चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाणवठा गेल्यावर त्याच्या जागी काय आलं, हा प्रश्न उरतोच.

आता गंमत अशी की हा प्रश्न इंग्रज बायकांनाही पडला होता, आणि तोही स्वतःच्याच देशात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. नवरा सकाळी गाडी पकडून कामाला. बायको शिकलेली, पण मूल झाल्यावर नोकरी सोडलेली. आई-बहीण दुसऱ्या गावात. छान घर, छोटी बाग आणि दिवसभर बोलायला कुणी नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये ‘द गार्डियन’ वृत्तपत्राच्या महिलांच्या पानावर बेटी जर्मन यांनी उपनगरातल्या या कोंडीवर लेख लिहिला. त्यावर मॉरीन निकोल नावाच्या एका गृहिणीचं छोटंसं पत्र छापून आलं. नवऱ्याच्या बदलीमुळे त्या लिव्हरपूलच्या पलीकडच्या भागात नव्याने राहायला आल्या होत्या, पदरी लहान मुलं होती. त्यांनी सुचवलं ते एवढंच: अशा घरात अडकलेल्या, पण डोकं चालू ठेवू पाहणाऱ्या बायकांची एक नोंदवही करावी, म्हणजे नव्या गावी गेल्यावर आपल्यासारखी बाई कुठे राहते हे कळेल.

पत्रांचा असा पाऊस पडला की ती नोंदवही त्यांनाच स्वतःच्या घरी बसून सुरू करावी लागली. पुढे तिची देशभर मंडळं झाली. ‘नॅशनल विमेन्स रजिस्टर’ या नावाने ती संस्था पुढे चालत राहिली. एकमेकींच्या घरी संध्याकाळी जमायचं, एक विषय ठरवायचा आणि त्यावर बोलायचं. त्यांचा एक संकेत मला फार आवडतो. बैठकीत मुलांच्या आणि स्वयंपाकाच्या गप्पा नकोत! मी स्वयंपाकघरावर लिहिणारी बाई, मला आधी हा संकेत जरा कडक वाटला. पण विचार केल्यावर पटला. दिवसभर जिच्या डोक्यात दूध, शी-शू आणि डब्याशिवाय काही नसतं, तिला आठवड्यातून दोन तास ‘अमक्याची आई’ सोडून नुसती स्वतः असण्याची जागा हवीच असते. मुलांमुळे ओळख होते, पण मैत्री व्हायला मुलांपलीकडचा एखादा विषय लागतो.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६१ मध्ये, त्याच पानावर बेल टुटाएव यांचं पत्र आलं. लंडनमध्ये त्यांच्या लहान मुलीला बालवाडीत जागा मिळेना. सरकारने १९६० मध्ये परिपत्रक काढून सरकारी बालवाड्या वाढवायला बंदी केली होती. मग त्यांनी दुसऱ्या आयांना गोळा करून चर्चच्या एका हॉलमध्ये स्वतःच खेळगट सुरू केला. तसा गट कुणाला काढायचा असेल तर माहिती देते, असं त्यांनी पत्रात लिहिलं. त्यातून १९६२ मध्ये खेळगटांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि गावोगावच्या चर्च हॉलमध्ये, शाळांच्या रिकाम्या खोल्यांत असे हजारो गट सुरू झाले.

हे गट आयाच चालवत. आज तुझी पाळी, उद्या माझी. कुणी रंग कालवायचे, कुणी खुर्च्या मांडायच्या, कुणी चहाचं बघायचं. काढला होता तो मुलांसाठी, पण चालवणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं की मुलांइतकाच आयांनाही त्याचा उपयोग होतोय. मला यात पाणवठाच दिसतो. तीच ठरलेली वेळ, तीच जागा, तेच हाताला काम. नुसतं ‘या, गप्पा मारू’ म्हटलं की माणूस अवघडतो. ‘जरा या खुर्च्या उचलायला ये गं’ म्हटलं की अवघडलेपण निघून जातं.

याच काळात आपल्याकडच्या बायका इथे येऊ लागल्या होत्या. पन्नासच्या दशकात भारत-पाकिस्तानातून आले ते बहुतेक एकटे पुरुष. दहा-दहा जणांनी एका घरात राहायचं, गिरणीत किंवा कारखान्यात राबायचं आणि पैसे गावी पाठवायचे. १९६२ मध्ये राष्ट्रकुलातल्या देशांतून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. इथे स्थायिक झालेल्यांच्या बायकामुलांना मात्र येता येत होतं. दार आणखी बंद होण्याआधी कुटुंब आणून घ्यावं, असं अनेकांनी ठरवलं. अशा तऱ्हेने पंजाबच्या, गुजरातच्या, मीरपूर-सिल्हेटच्या खेड्यांतून बायका थेट इंग्लंडच्या धुरकट गल्ल्यांत येऊन पडल्या. अंगणातल्या आयुष्यातून एकदम बंद दारांच्या आयुष्यात.

बीबीसीने १९६५ मध्ये त्यांच्यासाठी हिंदी-उर्दूतला टीव्ही कार्यक्रम सुरू केला. त्याचं नाव होतं ‘अपना ही घर समझिए’. किती गोड नाव! पण तो पाहायचा तोही एकटीनेच, घरात बसून. पुढे १९७७ मध्ये बायकांसाठी ‘घरबार’ हा कार्यक्रम आला. त्याच वर्षी आशियाई बायकांनी इंग्रजी शिकावं म्हणून एक मालिका आली. तिचं नाव ‘पड़ोसी’. इंग्रजी शिकवणाऱ्या मालिकेचं नाव ‘शेजारी’ ठेवणाऱ्याला दुखणं नेमकं कळलं होतं. भाषा हवी होती ती परीक्षेसाठी नव्हे, भिंतीपलीकडच्या बाईशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून.

याच सुमारास अनेक शहरांत घरी येऊन इंग्रजी शिकवणाऱ्या स्वयंसेविकांच्या योजना होत्या. लहान मूल सोडून वर्गाला जाता येत नाही, घरच्यांना बाहेर पाठवायला संकोच वाटतो, म्हणून शिक्षिकाच दारात. आठवड्यातून एक ठरलेला तास. शिकवणारी पुष्कळदा स्वतःही गृहिणीच. अमृत विल्सन यांचं १९७८ सालचं ‘फाइंडिंग अ व्हॉइस’ हे पुस्तक ब्रिटनमधल्या आशियाई बायकांच्या स्वतःच्या बोलण्यावर उभं आहे. त्यात कारखान्यातले अन्याय आहेत, वंशद्वेष आहे, घरातली दडपणं आहेत. आणि या सगळ्याबरोबर एकटेपण आहे. ते वाचल्यावर ‘माझा स्वभावच तसा’ हे वाक्य मला पुन्हा कधी खरं वाटलं नाही. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या स्वभावांच्या इतक्या बायका एकाच वेळी एकच गोष्ट सांगत असतील, तर ती स्वभावाची गोष्ट कशी असेल?

आता आमच्या लेस्टरकडे येते. ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाच्या इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे अठ्ठावीस हजार माणसं ब्रिटनला आली. त्यांत गुजराती पुष्कळ, आणि गुजरात्यांत जैनही होते. लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात दिली होती, ‘आमच्या शहरात येऊ नका’ अशा अर्थाची. तरी लोक आले. कुणी म्हणतं, त्या जाहिरातीमुळेच गावाचं नाव कळलं!

कंपालामध्ये या बायकांची मोठी कुटुंबं होती, व्हरांडे होते, मंदिरं-महाजनवाड्या होत्या. इथे हिवाळ्याच्या तोंडावर, पुरेशा कपड्यांशिवाय, जुन्या लष्करी तळांवरच्या छावण्यांत त्या उतरल्या. मग लेस्टरच्या बेल्ग्रेव्ह भागातल्या चिंचोळ्या, एकाला एक चिकटलेल्या घरांत. पुष्कळ जणी आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यात गेल्या. इथे होजिअरीचे, विणकामाचे कारखाने होते. कष्ट फार, पगार थोडा. पण आमच्या मंदिरातल्या एक मासी मला सांगतात, “मशीनवर बाजूला कुणीतरी बसलेलं असायचं ना, त्याने आम्ही तगलो. खरं वाईट ज्या लहान पोरांपायी घरी राहिल्या त्यांचं.” त्या घरी बसूनच कपडे शिवायचं काम घ्यायच्या. गठ्ठा दारात यायचा, शिवलेला गठ्ठा दारातून जायचा, आणि दिवसभर बोलायला मशीनच.

अशा घरांतल्या माणसांनी इथलं मंदिर उभं केलं. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं एक जुनं चर्च घेऊन त्याचं जैन केंद्र झालं आणि १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. पाश्चात्त्य देशांतलं ते फार सुरुवातीचं विधिवत मंदिर. बाहेरून संगमरवरी दर्शनी भाग, आत कोरीव खांब. श्वेतांबर मूर्ती आहेत, दिगंबर वेदी आहे, स्थानकवासी उपाश्रय आहे, श्रीमद राजचंद्रांचं ज्ञानमंदिरही आहे. गावाकडे जे एकमेकांच्या देवळात फारसे जात नाहीत, ते इथे एकाच छपराखाली चपला काढतात. तत्त्वचर्चेपेक्षा गरजेने हे घडवलं असावं असं मला वाटतं. परक्या गावी माणसंच थोडी. त्यात आणखी वाटण्या करून कसं चालेल?

मी इथे आले २०१३ मध्ये, दीड वर्षाच्या मुलीला घेऊन. त्या मंदिरातही मी अर्धी परकीच होते. मी मराठी, त्या गुजराती. माझी पूजेची पद्धत वेगळी, शब्द वेगळे. मला ‘बस्ती’ म्हणायची सवय, त्यांना ‘देरासर’. पण पर्युषणाआधी स्वयंपाकघरात मूग निवडायला बसले तेव्हा कुणी भाषा विचारली नाही. ताट पुढे सरकवलं, एवढंच. शनिवारी मुलांची पाठशाळा असायची. मुलं आत, आया बाहेरच्या बाकावर. तिथेच मासींची ओळख झाली.

आठवड्यातले बाकीचे दिवस मात्र घरीच. मुलांच्या वाचनालयातला बडबडगीतांचा तास आणि मंगळवारी बालकेंद्रातला खेळण्याचा वर्ग, या दोन गोष्टींनी मला हात दिला. ही बालकेंद्रं ‘शुअर स्टार्ट’ योजनेतून आली होती. १९९८ मध्ये जाहीर झालेली ती सरकारी योजना, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी. तिथे मला एक पोलिश आई भेटली. पहिले पाच-सहा मंगळवार आम्ही नुसतं हसलो. मग मुलांची नावं. मग एकदा ती आली नाही आणि मला चुकल्यासारखं वाटलं. पुढच्या मंगळवारी मी तिला तसं सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण आलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात येतं, हे परक्या देशात किती मोठं असतं, ते गेलेल्यालाच कळेल.

आपल्यापुढे आणखी एक अडचण असते ती जेवणाची. मैत्री वाढते ती एकमेकींकडे खाऊन-पिऊन. पण केकमध्ये अंडं, गोळ्यांमध्ये जिलेटिन, सूपमध्ये कांदा-बटाटा. सूर्यास्तापूर्वी जेवणारीने तर काय करावं! डिसेंबरात इथे चारच्या आधी सूर्य मावळतो आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. हिवाळ्यातलं रात्रीच्या जेवणाचं एकही आमंत्रण पाळता येत नाही. मी त्यावर काढलेला उपाय साधा आहे. आपणच बोलवायचं, सकाळी अकराला, चहाला. बरोबर ढोकळा किंवा रव्याचे लाडू. ‘आम्ही काय खात नाही’ ही यादी वाचून दाखवण्यापेक्षा आपण काय खातो ते पुढ्यात ठेवावं. त्या पोलिश मैत्रिणीने बेसनाचे लाडू करायला शिकून घेतलेत, आणि ती ते माझ्यापेक्षा गोल वळते.

आता थोडी काळजीची गोष्ट. २०१० नंतर सरकारी निधी आटत गेला आणि देशभरातली शेकडो बालकेंद्रं बंद झाली किंवा एकमेकांत मिसळली. आमचा मंगळवारही गेला. चर्च हॉल चालवणाऱ्या आजीबाई थकल्या. मंदिरातल्या स्वयंपाकघरातल्या मासींनी सत्तरी ओलांडली. आणि नव्याने येणाऱ्या मुलींना वाटतं की फोनवर रोज आईशी, बहिणीशी तासभर बोलणं होतं, मग आणखी काय हवं? ते बोलणं लाखमोलाचं आहे. पण मूल तापाने फणफणलेलं असताना पाच मिनिटांत दारात येऊन उभी राहणारी बाई फोनमध्ये नसते.

आपल्या धर्मात सर्व जीवांशी मैत्रीची भावना करायला सांगितली आहे. आपण ती रोज करतोही. मला कधीकधी वाटतं, चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जीवांशी मैत्री त्या मानाने सोपी. समोरच्या घरातल्या, नाव नीट उच्चारता न येणाऱ्या बाईचं दार वाजवणं जास्त अवघड. पण भावनेची खरी परीक्षा तिथेच.

मॉरीन निकोल यांच्याकडे पैसा नव्हता, पद नव्हतं. एक पत्र आणि एक वही होती. बेल टुटाएव यांच्याकडे उसना हॉल होता. मासींकडे मुगाची परात होती. यांतल्या एकीनेही स्वभाव बदलून घेतल्याचं माझ्या वाचण्या-ऐकण्यात नाही. त्यांनी एक वार ठरवला, एक जागा ठरवली, आणि कुणी येवो न येवो, त्या वेळेला दार उघडं ठेवलं. पहिल्या दिवशी दोघीच आल्या तरी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उघडलं.

तेव्हा जी नवीन आहे तिने स्वतःच्या स्वभावाला दोष देणं सोडावं आणि जवळपास असा ठरलेला वार कुठे आहे ते शोधून निदान सहा वेळा जावं. एका भेटीत काही होत नाही. आणि आपण ज्या दहा-बारा वर्षांच्या जुन्या झालो, त्यांच्याकडे आता पाणवठा राखायचं काम आलं आहे. आमच्याकडे गेल्या वर्षीपासून आम्ही चौघी मिळून गुरुवारी सकाळी दहाला मंदिराजवळच्या एका हॉलमध्ये बसतो. खेळणी जुनी आहेत, चहा साधा आहे. मुलं असोत नसोत, जैन असो नसो, कुणीही यावं. येणारीला आम्ही आधी एखादी खुर्ची उचलायला सांगतो.